सील्ड बेअरिंगचं "रीपॅकिंग" आणि माझे ११८० डॉलर

हे लिहायला लाज वाटतेय कारण माझे वडील एस.टी.च्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झालेत आणि सगळा प्रकार झाला तेव्हा ते माझ्या शेजारीच उभे होते. तरी मी फसलो. डॅलसच्या आसपासचे बरेच मराठी लोक आता ट्रेलर घ्यायला लागलेत, त्यांच्यासाठी लिहितोय.

आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, २६ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा, सेकंडहँड घेतलेला. अ‍ॅक्सल डेक्स्टर कंपनीचे, त्यात नेव्ह-आर-ल्यूब नावाची सील्ड, म्हणजे कारखान्यातच ग्रीस भरून बंद केलेली बेअरिंग. गेल्या जूनमध्ये आई-बाबा आले होते म्हणून कोलोरॅडोचा बेत केला. डॅलसहून २८७ नंबरचा रस्ता धरायचा, विचिटा फॉल्स, अमरिलो, डलहार्ट, मग न्यू मेक्सिकोचा कोपरा कापून रॅटन घाट चढला की कोलोरॅडो. विचिटा फॉल्स सोडल्यावर एका बारक्या गावात पेट्रोल भरायला थांबलो. ऊन असं की डांबर बुटाला चिकटत होतं.

मी पंपावर उभा, तेवढ्यात एक टोपीवाला माणूस आला, बोलायला एकदम गोड. म्हणाला तुमच्या डाव्या मागच्या चाकातून ग्रीस बाहेर येतंय, माझं असंच झालं होतं, हायवेवर आख्खं चाक निघून गेलं, पोरंबाळं बरोबर आहेत तर रिस्क घेऊ नका. आणि हो, दोन मैलांवर एक दुकान आहे, ट्रेलरचंच काम करतात. मी त्याचे तीनदा आभार मानले. आता आठवतं की त्याच्या गाडीला ट्रेलर सोडा, ट्रेलर ओढायचा हूकसुद्धा नव्हता.

दुकानात पोचलो तर जणू आमचीच वाट बघत होते. पोऱ्याने लगेच तापमान मोजायची ती बंदूक आणली, डाव्या मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर रोखली, १७० फॅरनहाइट. बाकीची तीन चाकं १२० च्या आसपास. मग जॅक लावून चाक उचललं, टायर वरखाली धरून हलवला, किंचित खडखडलं. मग आत बोट घालून सीलच्या बाजूचं ग्रीस काढून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. झालं. "बेअरिंग गेलीयेत, एक गेलं म्हणजे चारही बदला, नाहीतर इथून पुढे जाऊ नका."

आता यातली गंमत सांगतो, मला ती नंतर कळली. सील्ड बेअरिंगच्या सीलमधून थोडंसं ग्रीस पाझरणं नॉर्मल आहे, खुद्द कंपनीच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलंय, भळाभळा गळत असेल तर गोष्ट वेगळी. टायर हलवल्यावर जाणवणारा किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणाही चालतो. बघायचं असतं ते हे की चाक हाताने फिरवल्यावर मोकळं फिरतं का, घरघर येते का. पोऱ्याने चाक फिरवलं नाही. मीही फिरवून बघ म्हटलं नाही. राहिलं तापमान, ते खरंच जास्त होतं, पण त्याचं कारण वेगळंच निघालं, ते पुढे येईल.

बाबांनी दुकानात एक नजर फिरवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "यांच्याकडे प्रेस कुठं दिसत नाही रे. प्रेसशिवाय बेअरिंग काढणार कसं?"

मी काय म्हणालो असेन? "बाबा, इथली सिस्टीम वेगळी असते."

बाबा गप्प बसले. त्यांचं ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

सिस्टीम काही वेगळी नसते हो. जुन्या पद्धतीच्या हबमध्ये दोन सुटी टेपर बेअरिंग असतात, एक आत एक बाहेर, ती काढायची, धुवायची, हाताने ग्रीस भरायचं आणि परत घालायची, त्यालाच इथे रीपॅक म्हणतात. ईझी ल्यूब प्रकारात डस्ट कॅपवर रबराचं बूच असतं, ते काढलं की आत ग्रीस निपल दिसतं. आमच्यासारख्या सील्डमध्ये यातलं काहीच नाही. दोन रांगांचं एकच आख्खं बेअरिंग, ग्रीस कारखान्यात भरून दोन्ही बाजूंनी सील केलेलं, हबमध्ये दाबून बसवलेलं आणि ते जागेवर धरायला वर सर्क्लिप, म्हणजे स्प्रिंगसारखी कडी. त्यात ग्रीस भरताच येत नाही. खराब झालं तर ड्रम उतरवायचा, सर्क्लिप काढायची, हायड्रॉलिक प्रेसवर जुनं बेअरिंग दाबून बाहेर, नवं दाबून आत, तेही फक्त बाहेरच्या रिंगवर जोर देऊन, आतल्या रिंगवर दाबलंत तर नवं कोरं बेअरिंग बसवतानाच मेलं. मग परत अ‍ॅक्सलवर चढवून मधला मोठा नट टॉर्क रेंचने कसायचा, आमच्या साइजला साधारण १५० फूट-पाउंड. हे सगळं बाबांना न वाचता माहीत होतं, मी मॅन्युअल कपाटात ठेवून ट्रेलर ओढत फिरत होतो.

भाव सांगितला १४०० डॉलर. मी का-कू करायला लागलो तर मालक म्हणाला अर्धे रोख दिलेत तर ११८० मध्ये करतो. ६०० कार्डावर, ५८० रोख. आणि दुकानात थांबता येणार नाही, इन्शुरन्सचा नियम आहे, समोर जेवून या. हा नियम बऱ्याच ठिकाणी खरंच असतो म्हणून मला संशय आला नाही. आईने डब्यातले धपाटे काढले, आम्ही समोरच्या झाडाखाली बसलो. ५५ मिनिटांत फोन आला, गाडी तयार. चार बेअरिंग, ५५ मिनिटांत! बाबांनी घड्याळ बघितलं, बोलले काहीच नाहीत.

मी जुने पार्ट दाखवा म्हटलं, तेवढी अक्कल होती. त्यांनी प्लास्टिकचा एक डबा पुढे केला, आत काळीकुट्ट गंजकी बेअरिंग, "बघा काय अवस्था झाली होती." मी फोटो काढला आणि देवाचे आभार मानले. पावती हाताने लिहिलेली, त्यावर पहिल्या ओळीत "सील्ड बेअरिंग ४" आणि खालच्या ओळीत "रीपॅक ४ चाकं". एकाच कागदावर या दोन ओळी येऊच शकत नाहीत, सील्ड असेल तर रीपॅक नाही आणि रीपॅक केलं असेल तर ते सील्ड नाही. मी ती घडी घालून खिशात ठेवली.

पुढे डलहार्टला चहासाठी थांबलो. बाबांची सवय आहे, गाडी थांबली की एक चक्कर मारायची आणि प्रत्येक हबला हात लावून बघायचा, डेपोतली सवय. ते चक्कर मारून आले ते पाना मागतच आले. उजव्या पुढच्या चाकाचे सहापैकी तीन नट हाताने फिरत होते. हाताने! पुढे रॅटनचा घाट, ७८३४ फूट उंची, त्याचा उतार, मागे तीन टनांचा ट्रेलर आणि गाडीत आई, बायको, पोरगी. माझे पाय तिथेच गळाले. बाबांनी चारही चाकांचे नट कसले आणि एवढंच म्हणाले, "चाक खोललं की थोडं अंतर चालवून परत कसायचं असतं, कुणी सांगितलं नाही होय तुला?" डेक्स्टरच्या मॅन्युअलमध्येही तेच आहे, चाक बसवल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर नट परत टॉर्क करायचे. दुकानदाराने ना कसले ना सांगितलं.

हात लावताना त्यांना आणखी एक जाणवलं, डावं मागचं चाक अजूनही बाकीच्यांपेक्षा गरम. म्हणजे ११८० डॉलर देऊन मूळ दुखणं होतं तिथेच.

कोलोरॅडोत कॅम्पग्राउंडवर पोचल्यावर तिथल्या ऑफिसने एक फिरता मेकॅनिक गाठून दिला, साठीचा माणूस, बोलणं कमी. त्याने डावं मागचं चाक काढून ड्रम उतरवला. मधल्या नटावर जुन्या गंजाचा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. बेअरिंग ओरिजिनल आणि ठणठणीत. बाकी तिन्ही हबच्या कॅप काढल्या, तीच कथा, फक्त कॅपवर हातोडीच्या ताज्या खुणा, म्हणजे तेवढ्या उघडून बंद केल्या होत्या. आणि गरम का होत होतं? ब्रेक. आत ब्रेक अ‍ॅडजस्ट करायची दातेरी चकती असते ती या एका चाकात जास्त ताणली होती, ब्रेक शू सतत घासत होता. त्याने चकती काही दाते मागे फिरवली, चाक मोकळं फिरायला लागलं. या सगळ्याचे ९० डॉलर.

मी त्याला डब्याचा फोटो दाखवला तर तो हसला, म्हणाला ही टेपर बेअरिंग आहेत, तुमच्या हबमध्ये ही बसतच नाहीत. तेव्हा बाबांनी पँटच्या खिशातून रुमालात गुंडाळलेलं एक बेअरिंग काढून टेबलावर ठेवलं. त्या डब्यातलंच! पठ्ठ्याने सगळ्यांसमोर उचललं होतं आणि मला एका शब्दाने बोलले नव्हते. मी विचारलं तेव्हाच का नाही सांगितलंत, तर म्हणाले, "तू कुठं ऐकणार होतास? इथली सिस्टीम वेगळी असते ना." आईने त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढचं बोलले नाहीत.

पुसल्यावर बेअरिंगवर नंबर दिसला, एल ४४६४९. हे ३५०० पाउंडी अ‍ॅक्सलवर चालणारं नेहमीचं बेअरिंग, बोटीचे, सामानाचे छोटे ट्रेलर असतात ना त्यांच्यावर सर्रास. मेकॅनिकने कॅलिपर लावला, आतलं भोक २७ मिलिमीटर. आमचं बेअरिंग ४२ चं. कुणाच्या तरी बोटीच्या ट्रेलरची जुनी बेअरिंग दाखवून माझ्याकडून पैसे घेतले होते, आणि तो डबा किती जणांना दाखवून झाला असेल देव जाणे. चारही खरंच बदलायची असती तर किती वेळ लागला असता विचारलं, तर म्हणाला प्रेस जवळ असेल तरी आख्खा दिवस धरा.

त्याने लेटरहेडवर दोन परिच्छेद लिहून दिले, काय दिसलं आणि कसं ठरवलं, हे मात्र आठवणीने मागून घ्या, फुकट देतात. घरी आल्यावर बँकेत डिस्प्यूट टाकला, म्हणजे कार्डावरच्या खर्चाबद्दल तक्रार केली. क्रेडिट कार्डाला १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग कायदा लागू होतो, ठरल्याप्रमाणे काम झालं नसेल तर ज्या स्टेटमेंटवर तो खर्च पहिल्यांदा आला ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवायचं. फोनवर नुसतं बोलून भागत नाही. मी पावती, डब्याचा फोटो, बेअरिंगच्या नंबरचा फोटो आणि मेकॅनिकचं पत्र असं सगळं जोडलं. दुकानदाराने बँकेला उत्तर पाठवलं की आम्ही "रीपॅक" केलंय. मी मॅन्युअलमधलं ते पान पाठवलं जिथे लिहिलंय की या बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचंच नसतं. त्याच्यावर त्याचं काही उत्तर आलं नाही.

कार्डावरचे ६०० परत आले. रोखीचे ५८० पावतीवर लिहिलेलेच नाहीत, त्यामुळे बँकेच्या लेखी ते मी कधी दिलेच नव्हते.