क्षयबाधित मॅक्रोफेजसाठी अ‍ॅनेक्सिन-पीआय किट: वापरानंतरचा अभिप्राय

पेशी मेली की नाही हे सांगणारी किट पुष्कळ मिळतात. क्षयावर काम करणाऱ्याला मात्र ती कशी मेली हे हवे असते. जंतू गिळलेली मॅक्रोफेज (जंतू गिळणारी रोगप्रतिकारक) पेशी अपोप्टोसिसने, म्हणजे स्वतःला आवरते घेत मेली, तर जंतू तिच्या अवशेषांतच कोंडला जातो, शेजारच्या पेशी ते अवशेष गिळतात आणि डेन्ड्रायटिक पेशींमार्फत (जंतूचे तुकडे दाखवणाऱ्या पेशी) टी पेशींना (जंतूविरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जंतूच्या प्रथिनांची ओळख होते. तीच पेशी नेक्रोसिसने, म्हणजे अनियंत्रितपणे फुटली, तर जंतू बाहेर सांडून मोकाट वाढतो. हा फरक मोजण्यासाठी मी हे किट घेतले.

तत्त्व सोपे आहे. मरू घातलेल्या पेशीच्या आवरणातील फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद बाहेरच्या बाजूला येतो व कॅल्शियम असेल तर अ‍ॅनेक्सिन हे चमकणारा रंग जोडलेले प्रथिन त्याला चिकटते. पीआय (प्रोपिडियम आयोडाइड) हे लाल रंगद्रव्य आवरण फाटल्यावरच आत शिरते. तरंगत्या टी पेशींवर निकाल स्वच्छ आला. मॅक्रोफेज मात्र प्लेटला घट्ट धरून बसतात. त्या खरवडून काढल्या, तर जंतूच न घातलेल्या पेशीही लाल दिसल्या, कारण आवरण आम्हीच फाडले होते. ईडीटीए या कॅल्शियम बांधणाऱ्या रसायनाने सोडवल्या, तर त्याने कॅल्शियम पकडून ठेवले आणि अ‍ॅनेक्सिन फिके पडले. दोनदा धुऊन मग कॅल्शियम असलेल्या बफर द्रावणात घेतल्यावर काम जमले. माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नाही.

माझी मुख्य तक्रार दोन्ही रंग घेतलेल्या पेशींविषयी आहे. पत्रक त्यांना सरळ ‘उशिराचा अपोप्टोसिस’ म्हणते. पण थेट फुटलेल्या पेशीतही अ‍ॅनेक्सिन आत शिरून तेथील फॉस्फॅटिडिलसेरिनला चिकटते, आणि जंतूची ईएसएक्स-१ ही प्रथिने बाहेर सोडणारी यंत्रणा तर पेशीला त्याच मरणाकडे ढकलते. (बीसीजी लशीतील जंतूत या यंत्रणेचा मोठा भाग नसतो, म्हणून तुलनेला तो उपयोगी पडतो.) लोहामुळे मेद ऑक्सिडीकृत होऊन येणारे फेरोप्टोसिस आणि टीएनएफ या दाहकारक प्रथिनाच्या अतिरेकाने होणारे नेक्रोसिस यांतील भेदही या दोन रंगांतून कळत नाही. शिवाय बाधित नमुना सुरक्षित प्रयोगशाळेबाहेर नेण्यापूर्वी पेशी रसायनाने स्थिर (फिक्स) कराव्या लागतात आणि तेव्हा सुटलेले पीआय इतर पेशींतही पसरते.

टी पेशींसाठी मी हे किट पुन्हा मागवले आहे. मॅक्रोफेजसाठी अ‍ॅनेक्सिन तेच ठेवून पीआयऐवजी स्थिरीकरणात टिकणारे रंगद्रव्य वापरतो, आणि एकाच वेळेच्या आकड्यावर न थांबता २४, ४८ व ७२ तासांचे नमुने घेतो.