जांभळ्या रॅपरच्या बॅटऱ्या आणि कांथल म्हणून आलेली तार

मेक मॉड (चिप नसलेली साधी ई-सिगारेट, म्हणजे व्हेप) वापरणाऱ्या, स्वतः कॉइल (द्रवाची वाफ करणारी तापती तार) गुंडाळून वाफेचे मोठे ढग काढणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. इकडे इंग्लंडमध्ये, लेस्टरला, हा शौक कायदेशीर आहे, गल्लोगल्ली दुकानं आहेत, तरी एका ऑनलाइन विक्रेत्यानं मला एकाच पार्सलात दोनदा गंडवलं. नुसते पैसे गेले असते तर गप्प बसलो असतो. पण या दोन लबाड्या एकत्र आल्या की तोंडाशी धरलेली नळी फुटू शकते.

मागवलं होतं २४ गेज जाडीच्या कांथल ए-१ तारेचं रीळ आणि १८६५० आकाराच्या दोन बॅटऱ्या. बॅटऱ्यांना चकचकीत जांभळं रॅपर, त्यावर ठसठशीत अक्षरांत ‘३५०० एमएएच, ४० अँपिअर’. पहिला आकडा क्षमतेचा, दुसरा सेल किती करंट देऊ शकतो त्याचा.

आधी तार. ३ मिलिमीटरच्या दांडीवर सात वेढ्यांची एक, अशा दोन कॉइल केल्या. हिशेबानं दोघींचा मिळून रेझिस्टन्स ०.३२ ओहमच्या आसपास यायला हवा. मीटर दाखवत होता ०.२४. वेढे पुन्हा मोजले, स्क्रू आवळले, आकडा हलेना. शेवटी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून तारेला लावलं. कांथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू, तो चुंबकाकडे झेपावतो. ही तार ढिम्म. आकडाही निक्रोमशी (निकेल आणि क्रोमियमच्या तारेशी) तंतोतंत जुळत होता.

निक्रोम वाईट नसते. झटकन तापते म्हणून ढगवाले ती मुद्दाम घेतात (निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र तिच्या वाटेला जाऊ नये). घोळ लेबलात आहे. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. त्याला ०.३२ ओहमनं भागा, १३ अँपिअर येतात. ०.२४ नं भागा, साडेसतरा. मेक मॉडमध्ये चिप नसते, मध्ये पडून करंट अडवणारं कुणीच नसतं. बटण दाबलं की कॉइल मागेल तेवढं सेल देत राहतो, त्याची ऐपत असो वा नसो. म्हणून नवी कॉइल ओहम मीटरवर बघितल्याशिवाय मेकवर चढवायचीच नाही.

आता ऐपतीचं बघा. १८६५० सेलमध्ये क्षमता आणि करंट यांची ओढाताण असते, एक वाढवलं की दुसरं घटतं. सॅमसंगचा २५आर २५०० एमएएचला २० अँपिअर देतो, मुराताचा (आधी सोनीचा) व्हीटीसी५ए २६०० ला २५. एवढ्या मोठ्या कारखान्यांना जे जमत नाही ते जांभळ्या रॅपरवाल्याला ३५०० आणि ४० असं जमलं, यावर कुणी विश्वास ठेवावा? पण हे रॅपर लावणारे सेल बनवतच नाहीत. कुठून तरी सेल आणायचे, वर आपलं प्लॅस्टिक चढवायचं आणि त्यावर मनाला येईल तो आकडा छापायचा, एवढाच त्यांचा धंदा. सेल बनवणाऱ्या कंपन्या तर स्वतःच सांगतात की सुटा सेल व्हेपसाठी वापरू नका, त्यामुळे हा सगळा बाजार मधल्या लोकांच्या हातात आहे.

माझ्या एका बॅटरीचं रॅपर कडेला फाटलं होतं. जवळच्या दुकानातला माणूस फुकटात नवं चढवून देतो, त्याच्याकडे नेली. त्यानं जांभळं प्लॅस्टिक सोलल्यावर आत पत्र्यावर जुन्या वेल्डिंगचे ठिपके दिसले. लॅपटॉपच्या बॅटरी पॅकमधून उचकटलेला सेल! नवं रॅपर चढवायला त्यानं साफ नकार दिला. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर लावला तर १८०० एमएएचसुद्धा धड भरेना. लॅपटॉपचे असले सेल पाच-सात अँपिअरच्या कामाचे, आणि माझी कॉइल मागणार होती साडेसतरा. हे रॅपर घरी सोलू नका. सेलचा अख्खा पत्रा ऋण टोक असतो आणि वरच्या धन टोकापासून त्याची कड हाकेच्या अंतरावर असते. चिमटा जरी आडवा लागला तरी शॉर्ट.

२०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्सासमध्ये व्हेप फुटून एकेक माणूस गेला, तेव्हा कुणाला ही अतिशयोक्ती वाटायला नको.

कॉइलमध्ये भरायच्या कापसातही भामटे असतील, पण तिथे जिवावर बेतत नाही. फालतू कापूस पहिल्या झुरक्यालाच चवीवरून कळतो.

पैसे परत मागितले तेव्हा खरी हुशारी दिसली. तारेचे त्यानं मुकाट दिले. बॅटऱ्यांबद्दल मात्र गोड भाषेत उत्तर आलं, ‘पोस्टानं परत पाठवा, मिळाल्या की लगेच पैसे देतो.’ रॉयल मेल सुटे लिथियम सेल घेतच नाही! हे त्याला पक्कं ठाऊक असणार. मी पोस्टाचा नियम, दुकानात काढलेले फोटो आणि चार्जरवरचा आकडा जोडून कार्डाच्या बँकेकडे चार्जबॅक (विक्रेत्याकडून पैसे वळवून परत घेणं) मागितला. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं सदोष माल ३० दिवसांत नाकारता येतो, त्याचा उल्लेख केला. पैसे आले. तुमच्यावर हीच वेळ आली तर विक्रेत्याशी पत्रव्यवहार करत ते ३० दिवस घालवू नका, आणि फोनवर बोलू नका, सगळं लेखी ठेवा.

पुण्याचा मावसभाऊ म्हणाला, ‘दादा, येताना मला एक सेट घेऊन ये ना.’ त्याला नाही म्हणालो. भारतात २०१९ च्या कायद्यानं ई-सिगारेटची आयात, विक्री, जाहिरात, सगळंच बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला वर्षभर कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे चोरून मिळणाऱ्या मालात असाच जांभळा सेल निघाला तर त्यानं तक्रार न्यायची कुणाकडे?

त्या विक्रेत्याचं खातं नंतर गायब झालं. फोटो तोच, नाव नवं, अशी जाहिरात परवा पुन्हा दिसली. आता त्या बॅटऱ्या ४५ अँपिअरच्या झाल्यात.