बॉयलरच्या दाराआतला पत्रा: ३०४, ३१० की ४३०?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांच्या बॉयलरची कामं करताना एक प्रश्न हमखास येतो: दाराआतला पत्रा सारखा जळतो, आता कुठला टाकू? ३०४, ३१० आणि ४३० हे स्टेनलेस स्टीलचे प्रकार, आणि कुठला किती तापमानापर्यंत चालतो याचा तक्ता मालकाकडे असतो. बॉयलर सलग चालणार असेल तर ३०४ साठी साधारण ९२५ अंश सेल्सिअस, ३१० साठी ११५०. मग चार पैसे जास्त गेले तरी ३१० च, असं ठरतं.

पण तो तक्ता तापून पत्र्याचे पापुद्रे सुटण्याची मर्यादा सांगतो. चिवटपणाचं त्यात अक्षरही नसतं.

३१० मध्ये क्रोमियम २५ टक्के, निकेल २०. ६५० ते ९०० अंशांत तो महिनोन्महिने राहिला की आत लोखंड आणि क्रोमियमचं 'सिग्मा' नावाचं कठीण, ठिसूळ संयुग तयार होत जातं. तापलेला असेपर्यंत पत्रा निभावतो, घात होतो तो थंड झाल्यावर. मीच बसवलेल्या एका पत्र्यावर सुट्टीच्या दिवशी चिकटलेली राख सोडवायला हातोडी हलकेच मारली, तर तो जराही न वाकता कडक भाकरीसारखा कडकन मोडला. जाडी जवळपास पहिल्यासारखीच होती. त्या दिवसापासून मी आधी विचारतो, 'बॉयलर आठवड्यातून किती वेळा थंड होतो?'

याच तापमानाच्या पट्ट्यात ३०४ चाही चिवटपणा उतरतो, पण सिग्मा त्यात बराच सावकाश धरतो. त्याचं दुखणं वेगळं: ४२५ ते ८५० अंशांत धातूच्या कणांच्या कडेला क्रोमियमचे कार्बाइड (कार्बनशी झालेली संयुगं) जमतात, आणि बंद बॉयलरमधली राख ओली झाली की तिथूनच गंज शिरतो. शिवाय वारंवार थंड-गरम होत असेल तर त्याची मर्यादा ८७० धरा.

४३० स्वस्त आहे, चुंबकाला चिकटतो, पण धुराच्या नळीत ४७५ अंशांच्या आसपास सतत राहिला तर तोही ठिसूळ होतो. तिथे नकोच. ड्युप्लेक्स हा स्टेनलेसचा आणखी एक प्रकार तर ३०० अंशांच्या वर विचारातही घेऊ नका.

माझं मत असं: ज्वाळेचं नाही, पत्र्याचंच तापमान थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून बघा. ७०० ते ८५० येत असेल आणि दर आठवड्याला राख झाडावी लागत असेल तर ३०४ घ्या. सतत ९५० च्या वर असेल तर ३१० ला पर्याय नाही. जुना ३१० आधीच बसवलेला असेल, तर थंड असताना हातोडी लावू नका, ठोकून सरळही करू नका. राख ब्रशनेच काढा.