जुनी वस्तू विकताना: नुसता शब्द, इसार की चिठ्ठी?

घरात पडून असलेला फ्रिज, शिक्षणासाठी पुण्याला गेलेल्या मुलाची मोटारसायकल, जनावरे कमी केल्यामुळे रिकामी बसलेली कडबाकुट्टी, अशा वस्तू दुकानदाराच्या गळ्यात न मारता थेट गरजूला विकायच्या, असे ज्यांनी ठरवले आहे, त्यांच्यापुढे भावाइतकाच महत्त्वाचा आणखी एक प्रश्न असतो. सौदा ठरतो त्या दिवसापासून वस्तू उचलली जाईपर्यंत मध्ये जे दोन-चार दिवस जातात, त्या दिवसांत तो सौदा कशाच्या आधारावर टिकवायचा? आपल्याकडे मराठवाड्यात त्यासाठी तीन रीती सर्रास चालतात: नुसता तोंडी शब्द, शब्दासोबत इसार (सौदा पक्का करण्यासाठी आधी हातावर ठेवलेली थोडी रक्कम), किंवा दोन ओळींची का होईना चिठ्ठी.

निवड करण्यापूर्वी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लिहून कुठे दिले आहे?’ असे म्हणून मोकळे होणारे अनेक जण तोंडी सौदा कायद्याने बांधील नसतो असे मनापासून मानतात, आणि ते चुकीचे आहे. भारतीय करार कायदा, 1872 करार लेखीच असावा असे सरसकट म्हणत नाही. माल विक्री कायदा, 1930 तर कलम 5 मध्ये विक्रीचा करार तोंडी होऊ शकतो असे स्पष्ट सांगतो. त्याहून विचार करायला लावणारे कलम 20 आहे. समोर असलेली ठरावीक वस्तू, द्यायला तयार अशा अवस्थेत, कोणतीही अट न घालता विकल्याचा करार झाला, तर पैसे आणि ताबा नंतर द्यायचे ठरले असले तरी मालकी करार झाला त्याच क्षणी घेणाऱ्याकडे जाते. अर्थात दोघांचा हेतू वेगळा असेल तर तो हेतू चालतो. म्हणजे ‘तुमचीच समजा’ हे आपण सहज उच्चारतो ते वाक्य कायद्याच्या नजरेत फार वजनदार ठरू शकते. मालकीसोबत जोखीमही जाते (कलम 26), त्यामुळे मधल्या रात्री वीज पडून वस्तू निकामी झाली तर नुकसान कोणाचे, हाही प्रश्न त्या एका वाक्यावर येऊन ठेपतो.

तरीही नुसत्या शब्दाची अडचण मी स्वतः सोसली आहे, म्हणून ती जवळून सांगतो. दोन म्हशींसाठी मला जुनी कडबाकुट्टी घ्यायची होती. परभणीजवळच्या एका गावात शुक्रवारी यंत्र पाहिले, पाती फिरवून पाहिली, दोन एचपीची मोटार सुरू करून कडब्याच्या चार पेंढ्या कापून घेतल्या आणि 13,500 रुपयांवर सौदा ठरला. मालक म्हणाले, ‘‘तुमचीच समजा, रविवारी घेऊन जा.’’ रविवारी सेलूहून पिकअप भाड्याने करून, भाच्याला सोबत घेऊन मी गोठ्यापाशी पोचलो, तेव्हा यंत्राच्या जागी चार विटांचे ठसे, ऑइलचा काळा डाग आणि मूठभर ताजी कुट्टी तेवढी उरली होती. शनिवारी संध्याकाळी कोणीतरी 15,000 देऊन यंत्र नेले होते. ‘‘पैसे कुठं देलते तुम्ही?’’ हा त्यांचा एकमेव युक्तिवाद होता, आणि तो त्यांना पूर्ण खरा वाटत होता. त्यांनी आग्रहाने चहा पाजला. पिकअपचे 1,800 रुपये मी भरले.

कायद्याने पाहिले तर मला दाद मागता आली असती. वस्तू न दिल्याबद्दल भरपाई मागण्याची तरतूद माल विक्री कायद्याच्या कलम 57 मध्ये आहे आणि करारभंगाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते. पण यंत्र मात्र परत मिळाले नसते, कारण आधीच्या सौद्याची कल्पना नसलेल्या दुसऱ्या घेणाऱ्याने प्रामाणिकपणे पैसे मोजून ताबा घेतला असेल, तर कलम 30 त्याच्या मालकीला संरक्षण देते. राहिला प्रश्न भावातला फरक आणि गाडीभाडे मिळून तीन-साडेतीन हजार रुपयांचा. त्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात कोण उभे राहतो? आणि साक्षीला तरी कोणाला नेणार, भाच्याला? तो तर शुक्रवारी सोबत नव्हताच. तोंडी सौद्यात हक्क असतो, पुरावा नसतो, आणि दोन्हींमधले अंतर केवळ देणाऱ्याच्या शब्दाला जागण्यावर अवलंबून राहते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. शब्द देणाराही नुसत्या शब्दात अडकतो. ‘ठेवा माझ्यासाठी’ असे सांगून गेलेला माणूस पंधरा दिवस फिरकत नाही, फोन उचलत नाही, आणि प्रामाणिक विक्रेता आलेली चार गिऱ्हाइके परत पाठवत बसतो. असे एकदा झाले की पुढच्या वेळी तोच माणूस शब्दाची पर्वा करणे सोडून देतो. मला भेटलेल्या मालकांचेही कदाचित असेच झाले असेल. म्हणून नुसत्या शब्दावर सौदा करायचा असेल तर तो मुदतीसह करावा. ‘रविवारी दुपारी बारापर्यंत तुमची, त्यानंतर मी मोकळा’ एवढे म्हटल्याने शब्दाची किंमत कमी होत नाही, उलट तो पाळता येण्याजोगा होतो. मुदत सांगायची राहून गेली असेल, तर दुसऱ्याला विकण्यापूर्वी पहिल्याला तसे कळवून पुरेसा वेळ द्यावा; पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला पुन्हा विक्री करण्याचा हक्क देताना कायद्याच्या कलम 54 नेही सूचनेची हीच वाट दाखवली आहे.

इसाराने या दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी सुटतात. हाळीच्या किंवा माळेगावच्या जनावरांच्या बाजारात ज्याने सौदे पाहिले आहेत, त्याला इसाराचे मोल वेगळे सांगायला नको. पाचशे रुपये हातात पडले की देणाऱ्याचे मन दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे सहसा वळत नाही, आणि घेणाराही ते बुडू नयेत म्हणून वेळेवर येतो. आता तो बहुधा फोनवरून दिला जातो, त्यामुळे तारखेची आणि रकमेची नोंद आपोआप राहते. (पैसे येणार असतील तर आपल्याला पिन टाकावा लागत नाही, इसार पाठवतो म्हणून कोड स्कॅन करायला लावणाऱ्याशी सौदाच करू नये.)

पण इसारातला खरा वाद मोडलेल्या सौद्यात उभा राहतो. घेणारा फिरला तर रक्कम बुडते, हे बहुतेकांना मान्य असते. सर्वोच्च न्यायालयानेही विमानांच्या भंगाराच्या एका सौद्यात, 1969 मध्ये, उरलेली रक्कम न भरणाऱ्याचा इसार जप्त करणे योग्य ठरवले होते. तिथे मात्र ती अट आधी ठरलेली होती. आपल्या व्यवहारात पाचशे रुपये देताना ते इसार म्हणून दिले की किमतीतला पहिला हप्ता म्हणून, हे कोणी बोलतच नाही, आणि नुसता आगाऊ हप्ता दिलेला असेल तर नुकसान दाखवल्याशिवाय तो ठेवून घेणे कठीण जाते. देणारा फिरला तर दुप्पट परत करायचे असे मानणारेही भेटतात. तसे आधी ठरले नसेल तर केवळ रीत म्हणून त्यावर अडून बसण्यात अर्थ नाही. म्हणून इसार घेताना ‘तुम्ही आला नाहीत तर हे राहतील, मी फिरलो तर परत देऊन तुमचे गाडीभाडेही देईन’ अशी दोन्ही अंगांची बोली तिथेच करावी. गाडीभाड्याचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण शब्द मोडल्यावर समोरच्याच्या खिशातून खरोखर जाते ते गाडीभाडे.

चिठ्ठीविषयी लोक उगाच बिचकतात. तिला स्टॅम्प पेपर लागत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आणि समोरच्याने ‘मान्य’ म्हणून उत्तर दिलेला संदेशही त्या कामी येतो. मात्र वाहनाच्या बाबतीत चिठ्ठी ही निवड राहत नाही, ती गरज होते, आणि चिठ्ठीवरही थांबून चालत नाही. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यावर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते. नमुना 29 आणि 30 त्याचसाठी आहेत. देगलूर, उदगीर, उमरगा या पट्ट्यात गिऱ्हाईक बरेचदा तेलंगणा किंवा कर्नाटकातले असते, तेव्हा नमुना 28 चे ना-हरकत प्रमाणपत्रही लागते. नोंदणी आपल्या नावावर तशीच राहिली आणि पुढे अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. त्या प्रकरणात गाडी पुढे अनेक हातांतून गेलेली होती. ‘नाव नंतर करून घेतो’ हा घेणाऱ्याचा शब्द कितीही भल्या माणसाचा असला तरी त्यावर विसंबू नये.

सर्वांत अवघड ठिकाण म्हणजे भावकी आणि सोयरे. तिथे चिठ्ठी मागितली तर अविश्वास दिसतो, आणि न मागितली तर ‘पैसे पिकावर देतो’ या एका वाक्यावर दोन सोयाबीनचे हंगाम निघून जातात. इथे चिठ्ठी लिहून मागू नये, आपणच लिहून द्यावी असे माझे मत आहे. ‘अण्णा, माझ्या लक्षात राहावे म्हणून लिहून ठेवतो’ असे म्हणून पाठवलेल्या संदेशाचा कोणाला राग येत नाही.

तिन्ही रीतींत एक प्रसंग सारखाच येतो: सौदा झाल्यावर जास्त पैसे देणारा दुसरा माणूस. नुसत्या शब्दावर असाल तर त्याला ‘दिले आहे’ एवढेच सांगावे, आणि पहिला आला नाही तर कळवण्यासाठी नंबर घेऊन ठेवावा. पहिल्याला फोन करून ‘अमुक जण इतके देतो आहे’ असे विचारणे मला शब्द मोडण्याइतकेच वाईट वाटते, कारण त्यात ठरलेल्या भावाचा लिलाव सुरू होतो. हाच नियम घेणाऱ्यालाही लागू आहे. टेम्पो दारात उभा करून, हमाल आत बोलावून, वस्तूत नवीन दोष निघालेला नसताना ‘हजार कमी करा’ म्हणणारा माणूस विक्रेत्याच्या अडचणीचा फायदा घेतो, आणि त्याला नम्रपणे रिकामे परत पाठवण्याची तयारी ठेवावी.

आता ठरवायचे झाल्यास, ओळखीतल्या माणसाला कपाट, पलंग, मिक्सर देताना मुदतीसह शब्द पुरतो. फ्रिज, पाण्याची मोटार, कडबाकुट्टी यांसारख्या, गाडी करून न्याव्या लागणाऱ्या वस्तूंसाठी इसार आणि संदेश दोन्ही करावेत. वाहनाला लेखी व्यवहारच. त्या रविवारनंतर मी स्वतःची पाण्याची मोटार विकली तेव्हा पाठवलेला संदेश असा होता: ‘तीन एचपीची मोटार, चालू अवस्थेत, तुम्ही पाहून घेतली. किंमत 9,000. इसार 500 मिळाला. गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत बाकी रक्कम देऊन न्यावी; पूर्ण पैसे मिळेपर्यंत मोटार माझी. तुम्ही आला नाहीत तर इसार राहील, मी फिरलो तर इसार आणि गाडीभाडे देईन.’ दहा मिनिटांत ‘मान्य’ असे उत्तर आले, आणि गुरुवारी पाचलाच त्यांची गाडी दारात होती.