सांगलीतले डंक : वर्षाची चटणी कुटून घेण्याआधी

वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावरच, म्हणजे मोटारीवर चालणाऱ्या मुसळांच्या कांडपावरच कुटून आणावी, हा कौल आधीच देऊन टाकू. गिरणीत दळलेली चालते, मिक्सरवर केलेली महिना-दोन महिने पुरते, पाकिटातली अडल्या वेळेला उपयोगी पडते. पण अख्खा मसूर, भरलं वांगं, शेंगदाण्याची आमटी आणि रविवारचा रस्सा यांना घरच्यांना हवा असतो तो रंग आणि तो खमंगपणा कुटलेल्या चटणीनेच येतो. मात्र सगळे डंक सारखे नसतात. शिवाय डंकावर तुम्ही काय आणि कशा स्थितीत घेऊन जाता, यावर निम्मं काम ठरतं. म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नाही. सांगली-मिरजेत मार्चपासून पावसाच्या तोंडापर्यंत जी कांडपं गजबजलेली असतात, त्या सगळ्यांना लावून बघावी अशी ही फूटपट्टी आहे.

आधी डंक चांगला का, ते बघू. गिरणीत किंवा दळणयंत्रात मिरची प्रचंड वेगाने घासली जाते, त्यामुळे पीठ हाताला चटका बसेल इतकं तापतं. लवंग, दालचिनी, वेलची यांचा वास ज्या तेलांत असतो ती तेलं उडून जाणारी असतात. तापलं की वास गिरणीतच राहतो आणि मिरचीचा लाल रंगही काळपटतो. डंकात मोटारीच्या पट्ट्यावर आडवा दांडा फिरतो, त्यावरचे खटके लोखंडी मुसळांना आळीपाळीने उचलतात आणि मुसळ स्वतःच्या वजनाने उखळात पडतं. इथे घासणं कमी आणि ठेचणं जास्त असतं. मिरचीचं बी फुटून त्याचं तेल सुटतं, कांद्या-खोबऱ्याचं तेल त्यात मुरतं आणि चटणी कोरडी भुकटी न होता मुठीत दाबली तर गोळा होईल अशी ओलसर, मऊ होते. हे काम गिरणीला जमतच नाही, कारण कांदा-लसणाचा तेलकट माल गिरणीत गेला की तिथेच चिकटून बसतो.

डंक निवडताना पहिल्यांदा उखळ बघा, दर नंतर विचारा. आधीच्या गिऱ्हाइकाचा माल काढल्यावर उखळाच्या कडेला आणि मुसळाच्या टोकाला चटणीचा थर राहतो. चांगला डंकवाला तो खरवडतो, कोरड्या कापडाने पुसतो आणि मूठभर खडं मीठ टाकून चार घाव मारून ते मीठ फेकून देतो. हे मागितल्याशिवाय होत असेल तर तो डंक पक्का धरा. आधी कुणी गोडा मसाला कुटला असेल तर त्याचा दगडफुलाचा वास तुमच्या चटणीत उतरतो. आधीच्याचं खोबरं खवट असेल तर तो वासही येतो. त्यामुळे सकाळचा पहिला घाणा मिळाला तर उत्तम.

दुसरी गोष्ट चाळण. बारीक चाळणीने वेळ जातो, म्हणून गर्दीच्या दिवसांत काही ठिकाणी भोकं मोठी असलेली चाळण वापरतात. मग रश्श्यात मिरचीच्या सालीचे लाल तुकडे तरंगतात आणि कट गुळगुळीत येत नाही. चाळणीवर राहिलेला भरडा पुन्हा उखळात घालतात का, हेही समोर उभं राहून बघावं. तो भरडा बाजूला सारला जात असेल तर तुमच्या मिरचीतला चांगला हिस्सा तिथेच राहिला. तिसरं, वजन. काही ठिकाणी कोरड्या मिरचीवर पैसे घेतात, काही ठिकाणी तयार चटणीवर. एक किलो मिरचीची चटणी दोन किलोच्या आसपास भरते, तेव्हा किलोचा दर ऐकून दोन डंकांची तुलना करू नका. कशाच्या किलोचा, ते आधी विचारा.

आता माल. मिरची एकाच जातीची कधीही घेऊ नये. एक किलोला अर्धा किलो ब्याडगी, पाव किलो संकेश्वरी आणि पाव किलो लवंगी किंवा गुंटूर, हे प्रमाण चौघांच्या घरात लहान मुलं असली तरी चालतं. ब्याडगी रंग देते, तिखटपणा थोडाच. संकेश्वरीला स्वतःची चव आहे आणि खरं म्हणजे आपल्याकडच्या चटणीचा जीव तिच्यातच आहे. तिसरी मिरची झणका देते. तिखट कमी हवं असेल तर तिसरीतून कमी करा, संकेश्वरीला हात लावू नका. नुसत्या ब्याडगीची चटणी दिसते देखणी, पण रश्श्यात पाणचट लागते. मग माणूस दुप्पट चटणी घालतो आणि भाजी खारट होते.

मार्केट यार्डात किंवा गणपती पेठेत घेताना चार मिरच्या मोडून आत बघावं. बाहेरून लालभडक असलेल्या मिरचीत राखाडी-काळी बुरशी असू शकते, आणि तशी एकही मिरची चटणीत जाता कामा नये. रंग लावल्याचा संशय आला तर मिरची थंड पाण्यात टाका. मिरचीचा खरा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. पाणी लगेच लाल झालं तर माल तिथेच ठेवावा. शीतगृहातली मिरची नरम, लवचीक असते. ती दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरा. देठ कटकन मोडला आणि हलवल्यावर आतलं बी खुळखुळलं की झाली. देठं काढल्यावर आणि वाळल्यावर किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम वजन घटतं, तो हिशेब धरूनच खरेदी करा. ओलसर मिरची डंकावर नेली तर ती फुटत नाही, चपटी होते. चाळणीत काही उतरत नाही आणि डंकवाल्याचीही चिडचिड होते.

एक किलो मिरचीला बाकीचं असं: धणे 200 ग्रॅम, सुकं खोबरं 150, पांढरे तीळ 100, जिरे 50, खसखस 50, हळकुंड 50, खडा हिंग 10 ते 15, मेथी 10, लवंग, मिरी, दालचिनी, मसाला वेलची, शहाजिरे आणि दगडफूल प्रत्येकी 10, चक्रीफूल, नाकेशर, जायपत्री आणि तमालपत्र प्रत्येकी 5, जायफळ एक, खडं मीठ 250. कांदा एक किलो, लसूण पाव किलो, आलं 100 ग्रॅम, कोथिंबिरीची एक मध्यम जुडी, आणि भाजा-तळायला पाव लिटर शेंगतेल. किराणावाल्याकडे किलोच्या मापाचा खड्या मसाल्याचा बांधलेला पुडा मिळतो. तो सोयीचा आहे, पण त्यात दगडफूल आणि तमालपत्र भरपूर आणि लवंग-वेलची मोजकी असते. पुडा घेतलात तरी उघडून बघा. दगडफूल जास्त झालं तर कडवटपणा येतो. हळकुंड मात्र इथलंच घ्यावं. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. डंकावर अख्खं हळकुंड नेलं की दळलेल्या हळदीतल्या भेसळीचा धोका टळतो.

मसाला एकत्र भाजू नका. लवंग-दालचिनी थोड्या तेलात फुलेपर्यंत, धणे मंद आचेवर रंग बदलेपर्यंत, तीळ आणि खसखस कोरडे. मेथी सगळ्यांत शेवटी, जेमतेम लालसर. ती काळी झाली तर सगळी चटणी कडू होते आणि त्यावर उपाय नाही. खोबरं बदामी भाजावं. पुष्कळ घरांत खोबरं पाव किलो घालतात. वर्षभर टिकवायची असेल तर ते टाळावं, कारण सगळ्यांत आधी खवट होतं ते खोबरंच. भाजी करताना ताजं भाजून घालता येतं.

चटणी बिघडते ती बहुतेक वेळा कांद्यामुळे. कांदा उभा पातळ चिरून दोन दिवस उन्हात वाळवा आणि मग तेलात तळा. नुसता लाल झाला म्हणजे झाला असं नाही. गार झाल्यावर दोन बोटांत दाबला की चुरचुरून मोडला पाहिजे. वाकला तर आत पाणी आहे, आणि तेच पाणी जुलै-ऑगस्टात बरणीत बुरशी होऊन वर येतं. लसूण, आलं आणि कोथिंबीरही तेलावर परतून पाणी आटवून घ्यावी. कोथिंबीर आदल्या दिवशी धुवून कापडावर कोरडी केलेली असावी. हे सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात बंद करू नका. गरम डब्यावर झाकण लावलं की आतून घाम सुटतो आणि दोन दिवसांची मेहनत वाया जाते.

डंकावर जाताना चार पिशव्या वेगळ्या ठेवा: मिरची आणि मीठ, कठीण जिन्नस, भाजलेला मसाला, आणि कांदा-लसूण. क्रम असा सांगा. आधी हळकुंड, जायफळ आणि हिंग, कारण ते फुटायला वेळ लागतो आणि नंतर घातले तर खडे राहतात. मग मिठासकट मिरची. खडं मीठ सालीला कापतं आणि खकाणा, म्हणजे मिरचीची उडणारी धूळ, कमी उडतो. हे चाळून घेतल्यावर कोरडा मसाला कुटून चाळायचा, त्यानंतर तीळ-खोबरं. कांदा-लसूण सगळ्यांत शेवटी तयार तिखटात कालवून, पुन्हा उखळात, आणि त्यानंतर चाळण नाही. घाईत सगळं एकदम उखळात ओतणारे डंक आहेत. तिथे कांद्याचं तेल मिरचीला लागतं, मिरची चाळली जात नाही आणि जाडी-भरडी चटणी हातात येते. असं होताना दिसलं तर सौजन्याने थांबवावं. बरेच डंकवाले ऐकतात.

गैरसोयी खऱ्या आहेत. एप्रिल-मे मध्ये दोन-तीन तास नंबर लागतो, आवाजाने कान बधिर होतात आणि खकाण्याने ठसका लागतो. नाकातोंडावर रुमाल बांधा, लहान मुलांना आणि दम्याचा त्रास असलेल्यांना नेऊ नका. पंखा नसलेल्या, पत्र्याखालच्या बंद खोलीतला डंक कितीही जवळ असला तरी सोडून द्यावा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलात तर गर्दी कमी मिळते आणि ऊनही पुरेसं असतं.

घरी आणल्यावर चटणी परातीत पसरून गार करा, मग चिनी मातीच्या बरणीत. तळाला आणि वर हिंगाचा एकेक खडा, हाताने घट्ट दाबून भरायची, वर कापड बांधायचं. काचेची बरणी उजेडात ठेवली तर रंग उतरतो. रोजच्यासाठी छोटा डबा वेगळा काढा, मोठ्या बरणीत ओला चमचा जाऊ देऊ नका. चौघांच्या घरात रोज पंधरा ग्रॅमच्या आसपास चटणी लागते, म्हणजे एक किलो मिरचीची चटणी चार-साडेचार महिने. वर्षाला अडीच ते तीन किलो मिरची धरावी.

चटणी कशी जमली हे बघायला अख्खा मसूर करावा. त्यात काही लपत नाही. चौघांना एक मोठी वाटी मसूर तासभर भिजवून कुकरला दोन शिट्ट्या. दाणा शिजलेला पण अख्खा राहिला पाहिजे. कढईत चार पळ्या तेलावर दोन बारीक चिरलेले कांदे तपकिरी करा, चमचाभर आलं-लसूण, दोन चमचे भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मग एक टोमॅटो. टोमॅटो मसुराबरोबर कुकरला लावू नका, आंबटामुळे डाळी शिजायला अडतात. आता आच अगदी बारीक करून दोन मोठे चमचे चटणी, दहा-पंधरा सेकंद परतून लगेच अर्धी वाटी गरम पाणी. यापेक्षा उशीर केला तर चटणी जळते आणि कट काळा येतो. तेल कडेने सुटलं की मसूर त्याच्या पाण्यासकट घाला, दहा मिनिटं उकळा. मीठ शेवटी, चाखून, कारण चटणीत आहेच. कट लाल आणि पारदर्शक आला, तळाला जाड साली बसल्या नाहीत आणि जिभेवर आधी खमंगपणा, मग तिखट आलं, तर डंक चांगला.

कृष्णाकाठच्या काटेरी वांग्यांना ही चटणी फार मानवते. अर्धा किलो लहान वांगी, अर्धी वाटी दाण्याचं कूट, दोन चमचे तीळकूट, दीड मोठा चमचा चटणी, सुपारीएवढा गूळ, थोडी चिंच. सारण भरताना देठ ठेवा आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा, नाहीतर कूट तळाला लागतं. मटणाला अर्ध्या किलोला तीन मोठे चमचे पुरतात. मटण आधी हळद-मीठ लावून शिजवून घ्या, चटणी फोडणीतच घाला, आणि वरून गरम मसाला घालू नका. सगळा खडा मसाला चटणीत आहेच, वरून घातला तर संकेश्वरीची चव दबते.