फ्लूची लस की न्यूमोनियाची: साठीनंतर आधी कोणती?

साठी ओलांडलेल्या, त्यातही मधुमेह किंवा दमा असलेल्या व्यक्तीने दोन्ही लसी घेणे उत्तम. त्या एकाच दिवशी दोन दंडांवर घेता येतात. मात्र खर्च एकदम झेपत नसेल, तर क्रम ठरवावा लागतो.

फ्लूचा विषाणू सतत रूप बदलत असल्याने त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते, आणि संरक्षण तयार होण्यास सुमारे 2 आठवडे लागत असल्यामुळे मराठवाड्यात ती मृगाआधी, मे महिन्यात घेणे सोयीचे ठरते. टोचल्यावर दंड दुखतो, कधी कणकण येते. पण लशीमुळेच फ्लू होतो हा पारावरचा समज खोटा आहे, कारण टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो.

न्यूमोनियाची लस न्यूमोकॉकस या जिवाणूविरुद्ध आहे. ती महाग असली, तरी या जिवाणूच्या 20 प्रकारांविरुद्धची लस सहसा एकदाच पुरते.

पावसाळा तोंडावर असेल, तर मी फ्लूच्या लशीला आधी पसंती देईन, अन्यथा न्यूमोकॉकसच्या. दोन्ही लसी 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात, त्यामुळे वीज वारंवार जाणाऱ्या गावात औषध दुकानदाराला फ्रिजच्या बॅकअपबद्दल निःसंकोच विचारावे.