खेळाडूचं वजन सांगायचं की झाकायचं?

आमच्याकडं जत्रेतल्या कुस्तीच्या फडात जोड लागते ती नजरेनं. पंच दोघांना शेजारी उभं करतात, मान-दंड चाचपतात, ‘जमतंय’ म्हणतात. काटा नसतोच.

मॅटवरच्या कुस्तीत तसं चालत नाही. गटच वजनावर ठरतो, म्हणून काटा सगळ्यांसमोर हवा. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. आकडा उघड होता, म्हणून निदान वाद कशावर घालायचा ते तरी कळलं.

क्रिकेट किंवा धावण्यात मात्र गट नाहीत. तिथं आकडा छापला की चहाच्या टपरीवर ‘पोट सुटलंय गड्याचं’ एवढंच निघणार. काट्याला स्नायू आणि चरबीतला फरक कुठं कळतो? लांब पल्ल्याच्या धावणाऱ्या पोरींचं तर जास्तच अवघड. वजनापायी जेवण तोडलं की पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. त्यांचं वजन डॉक्टर आणि कोचपाशीच राहावं.

कुस्तीतही सरावातलं रोजचं वजन पैलवान आणि वस्तादांतच बरं. समोरच्याला कळलं, की तो डाव त्यावरच बेततो.